काळोखातील कवी : केल्टांचे बार्ड आणि शामानविद्या

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांच्या मनात आले असेल की, हे प्रकरण फार दूरचे दिसते. विषय दूरचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच ग्रंथांपासून आरंभ न करता आम्ही एका खोलीपासून आरंभ करणार आहोत.

ही खोली आयर्लंडमधली. वस्तीच्या गोंगाटापासून दूर, एखाद्या बागेच्या एकांत कोपऱ्यात बांधलेले ते एक बुटके, उबदार घर. आत लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बिछाना. खिडकी मात्र कोठेही नाही. शिकणारी मुले बहुधा कवींच्याच घराण्यांतली. गुरूने विषय द्यावयाचा, आणि विद्यार्थ्याने दुसरा सबंध दिवस त्या अंधारात आपल्या बिछान्यावर पडून मनातल्या मनात कविता रचावयाची. रात्री ठरलेल्या वेळी दिवे आत येत. मगच लेखणी हाती घ्यावयाची, कविता उतरवून काढावयाची आणि गुरुजनांपुढे म्हणून दाखवावयाची. सप्टेंबरअखेरीस भरलेली शाळा मार्चच्या पंचवीस तारखेपर्यंत अशी चाले. हे वर्णन १७२२ साली लंडनमध्ये छापलेल्या एका आठवणींच्या ग्रंथाच्या आरंभी आले आहे. आणि ते छापले गेले तेव्हा अशा शाळा बंद पडून बराच काळ लोटला होता.

आयर्लंडच्या या शाळा आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटे यांमध्ये समुद्र आहे, परंतु भाषा व कविपरंपरा एकच. त्या बेटांपैकी स्काय या बेटाचा रहिवासी मार्टिन मार्टिन याने १७०३ साली आपल्या प्रदेशाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो सांगतो की, तेथील कवी दारेखिडक्या बंद करून दिवसभर उताणे पडून राहत, डोक्याभोवती वस्त्र गुंडाळून डोळे झाकून घेत, आणि पोटावर एक दगड ठेवीत. मग त्यांना कविता सुचे. मार्टिनला या प्रकाराची थोडी गंमत वाटलेली दिसते. आपल्यालाही प्रथमदर्शनी हसू येईल. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच : हा काळोख कशासाठी?

या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर साधे आहे. अवघड वृत्तात रचना करणाऱ्याला एकाग्रता हवी, म्हणून डोळ्यांपुढचे जग बाजूला सारावयाचे. दुसरे उत्तर असे की, ही फार जुन्या एका धर्मविधीची उरलेली खूण आहे. कवी अंधारात पडत असे तो शब्द जुळवण्यासाठी नव्हे, तर दृष्टीपलीकडचे काही पाहण्यासाठी. आणि विधीचा अर्थ विसरला गेला तरी विधी मागे राहिला. १९१२ साली डब्लिन येथे ऑस्बर्न बर्गिन या विद्वानाने बार्डकाव्यावर एक व्याख्यान दिले, त्यात त्याचा कल या दुसऱ्या उत्तराकडे होता. तेव्हापासून आजतागायत हा वाद चालू आहे. अलीकडे तर ‘केल्टांचे बार्ड म्हणजे युरोपातले शामानच’ असे विधान निःशंकपणे केले जाते. हे विधान कितपत खरे आहे, हे आज आपल्याला तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम केल्ट कोण ते पाहू. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकापासून ग्रीक लेखक मध्य व पश्चिम युरोपातील काही टोळ्यांना या नावाने ओळखू लागले. आजच्या फ्रान्सचा बराचसा भाग, म्हणजे त्या काळचा गॉल, त्यांचा होता. ब्रिटन आणि आयर्लंड येथेही त्यांच्याच कुळातल्या भाषा बोलल्या जात. त्यांपैकी आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श आणि ब्रेटन या भाषा आजही जिवंत आहेत. ज्या मोठ्या भाषाकुलात संस्कृत आणि आपली मराठी येते, त्याचीच ही पश्चिमेकडची शाखा होय. तेव्हा विषय दूरचा असला तरी अगदीच परका नाही.

केल्टांच्या कवींविषयी पहिली माहिती मिळते ती परक्यांकडून. पोसिडोनिअस हा ग्रीक तत्त्वज्ञ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी गॉलमध्ये हिंडला होता. त्याचा ग्रंथ नष्ट झाला, पण स्ट्रेबो, डायोडोरस आणि अथेनिअस यांनी त्यातून घेतलेली माहिती शिल्लक आहे. स्ट्रेबो म्हणतो की, गॉल लोकांत तीन वर्गांना विशेष मान असे. गाणारे आणि कविता करणारे ते बार्ड. यज्ञविधी करणारे व सृष्टीची लक्षणे वाचणारे ते वातेस. आणि सृष्टिज्ञानाबरोबर नीतिशास्त्राचाही अभ्यास करणारे ते द्रुइद. डायोडोरस सांगतो की, बार्ड वीणेसारख्या वाद्यावर गात. कोणाची स्तुती करीत, कोणाची निंदा करीत. दोन सैन्ये तलवारी उपसून समोरासमोर आली असताना असे कवी मध्ये उभे राहिले, तर हिंस्र पशूंवर मंत्र टाकावा तसे योद्धे थांबत, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

अथेनिअसने दिलेली एक हकिकत तर मोठी रम्य आहे. लुएर्निअस नावाचा एक धनाढ्य राजा रथातून सोने उधळीत असे. त्याने दिलेल्या मेजवानीला एक कवी उशिरा पोहोचला. राजा निघाला होता. कवी रथाबरोबर धावू लागला आणि धावता धावताच त्याने राजाच्या थोरवीवर व आपल्या दुर्दैवावर गीत रचले. राजाने प्रसन्न होऊन सोन्याची थैली फेकली. ती उचलून कवीने दुसरे गीत म्हटले : तुझ्या रथाच्या चाकोरीतून देखील माणसांना सोने पिकते, असा त्याचा भाव होता. कवीच्या या हजरजबाबीपणात गूढ असे काही नाही. हा दरबारी कवी आहे; राजाश्रय, कीर्ती आणि बिदागी यांचे गणित तो पक्के जाणतो. बार्डाला शामान म्हणण्याची घाई करणाऱ्यांनी हा धावणारा कवी विसरू नये.

ज्युलिअस सीझरची साक्ष आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. द्रुइदांपाशी शिकणारे काही विद्यार्थी वीस वीस वर्षे राहतात आणि असंख्य पद्ये तोंडपाठ करतात, असे तो सांगतो. हिशेबठिशेबासाठी ते ग्रीक लिपी वापरीत, पण विद्या मात्र लिहिण्याची त्यांना बंदी होती. याची दोन कारणे सीझर देतो : विद्या वाटेल त्याच्या हाती जाऊ नये, आणि लिपीवर विसंबून विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती ढिली पडू नये. वेदपाठी घराण्यांची परंपरा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. मायल्स डिलन या आयरिश विद्वानाने केल्ट व आर्य यांच्या परंपरांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९७५ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही आपल्या सिमल्याच्या संशोधनसंस्थेकडून, ही गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे.

शब्दांची साक्षही अशीच आहे. ‘बार्ड’ या शब्दाचे मूळ स्तुती करणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतातील ‘गृ’ हा धातू व ‘गिर्’ हा शब्द त्याचे भाऊबंद होत. म्हणजे बार्ड हा मुळात स्तुतिपाठक. उलट ‘वातेस’ या शब्दाच्या नातलगांत एकीकडे आयरिश भाषेतला द्रष्टा या अर्थाचा शब्द आहे, तर दुसरीकडे जर्मानिक भाषांतले आवेश व उन्माद या अर्थांचे शब्द आहेत. ओदिन या देवाचे नावही त्यांतलेच. आयर्लंडमध्ये थोर कवीला बार्ड म्हणत नसत, ‘फिली’ म्हणत; आणि ‘फिली’चे मूळ आहे ‘पाहणे’ या अर्थाचा धातू. आपल्याकडे यास्काचार्यांनी ‘ऋषि’ हा शब्द दर्शनावरून व्युत्पादिला, त्याची येथे सहज आठवण होते. सारांश, केल्टांच्या भाषेतच कवीची दोन रूपे पहिल्यापासून वेगळी ठेवलेली दिसतात : स्तुती करणारा आणि पाहणारा.

गॉलवर रोमचे राज्य आले. टायबेरिअस आणि क्लॉडिअस या सम्राटांनी द्रुइदांचा पंथ दडपला. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सजवळच्या मोना बेटावर हल्ला करून तेथील पवित्र वनराई तोडली. टॅसिटसने ते वर्णन केले आहे. जी विद्या लिहावयाची नाही असा दंडक होता, ती माणसांबरोबर गेली. गॉलच्या बार्डांचे काव्य म्हणून ओळखता येईल अशी एक ओळदेखील आज आपल्यापाशी नाही. म्हणून पुढचा शोध आपल्याला आयर्लंड व वेल्स येथे घ्यावा लागतो.

आयर्लंड रोमनांनी कधी जिंकले नाही. तेथे पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला आणि त्याबरोबर ग्रंथलेखन आले. द्रुइद मागे पडले, पण फिली टिकले. किंबहुना द्रुइदांच्या विद्येचा पुष्कळसा वारसा त्यांच्याकडे आला असावा. फिलींच्या सात पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पदवीस ‘ओल्लाव’ म्हणत. मध्ययुगीन ग्रंथांत बारा वर्षांचा अभ्यासक्रम दिलेला आहे, आणि ओल्लावाला ३५० कथा मुखोद्गत असाव्या लागत. वंशावळी, स्थलनामांच्या कथा, वृत्ते, कायदा यांचा तो जाणता असे. त्याची निंदा ही तर राजालाही भय वाटावे अशी गोष्ट होती. कवीने केलेल्या निंदेने माणसाच्या तोंडावर फोड उठतात, अशी समजूत होती. आणि व्यंग असलेल्या माणसाला राजा राहता येत नसे. जुन्या कायद्याने अन्यायाच्या निंदेसाठी दंड ठेवला होता, यावरून ही केवळ कल्पना नव्हती हे ध्यानात येईल.

आता आपण मुख्य पुराव्याकडे येतो. कॅशेलचा राजा व बिशप कॉर्मॅक हा इ. स. ९०८ मध्ये लढाईत पडला. त्याच्या नावावर कठीण शब्दांचा एक कोश आहे. त्यात ‘इम्बस फोरोस्नाय’ म्हणजे ‘उजळणारे महाज्ञान’ या विधीचे वर्णन येते. कवी डुक्कर, कुत्रा किंवा मांजर यांच्या तांबड्या मांसाचा तुकडा चघळतो, दारामागच्या शिळेवर ठेवतो, त्यावर मंत्र म्हणतो, देवतांना अर्पण करतो आणि त्यांना पाचारण करतो. मग आपल्या दोन्ही तळहातांवर मंत्र म्हणून ते गालांवर ठेवून तो झोपी जातो. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून माणसे पहारा करतात. झोपेत त्याला हवे ते ज्ञान प्रकट होते. कोशकार पुढे सांगतो की, संत पॅट्रिकने हा विधी बंद केला, कारण त्यात दैत्यांना नैवेद्य द्यावा लागे. परंतु नैवेद्यावाचून, केवळ विद्येच्या बळावर, तत्काळ स्फुरणारी काव्यशक्ती मात्र त्याने कवींकडे राहू दिली.

याच कोशात कवीच्या एका झग्याचे वर्णन आहे. कमरेखाली पांढऱ्या व नाना रंगांच्या पक्ष्यांची कातडी, कमरेवर बदकांच्या माना व तुरे, असा तो पक्षिमय झगा. सैबेरियातील शामानांच्या अंगावरचा पक्ष्याच्या रूपाचा वेश ज्यांनी चित्रांत पाहिला आहे, त्यांना हे वाचून चमकल्यासारखे होईल.

वेल्समध्ये स्फूर्तीला ‘आवेन’ म्हणतात. हा शब्द वाऱ्याच्या झुळकेच्या शब्दाशी नाते सांगतो. आपल्या ‘वात’ आणि ‘वायु’ यांच्याशीही. वेल्सचा जेराल्ड हा धर्मोपदेशक ११८८ साली आपल्या देशातून हिंडला आणि पुढे काही वर्षांनी त्याने देशवर्णन लिहिले. त्यात ‘आवेन’ लाभलेल्या काही स्त्रीपुरुषांची हकिकत आहे. त्यांना प्रश्न विचारला की ते गर्जना करू लागतात, देहभान हरपते, आणि विसंगत वाटणाऱ्या शब्दांच्या प्रवाहात कोठेतरी उत्तर मिळून जाते. त्यांना जोराने हलवून जागे करावे लागते. जागे झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांना आठवत नाही. हे देणे स्वप्नात मिळते असे ते म्हणत : कोणाच्या ओठांवर दूध किंवा मध ओतल्याचा भास होतो, कोणाच्या तोंडाला लिहिलेला कागद लावल्याचा.

तिसरा पुरावा कथांचा. तालिएसिन हा सहाव्या शतकातला वेल्श कवी. त्याच्या नावाचे जे जुने हस्तलिखित आज ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, ते चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यातील बारा कविता खऱ्या तालिएसिनच्या असाव्यात, असा निर्णय सर इफर विल्यम्स यांनी दिला. त्या राजस्तुतीच्या व लढायांच्या आहेत. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो दुसराच तालिएसिन. केरिद्वेन नावाच्या मांत्रिक स्त्रीच्या कढईतील ज्ञानरसाचे तीन थेंब ग्विऑन या पोऱ्याच्या बोटावर उडाले. त्याने बोट तोंडात घातले आणि त्याला सर्व काही कळू लागले. ती पाठीस लागली. तो ससा झाला, ती शिकारी कुत्री झाली. तो मासा झाला, ती पाणमांजर. तो पक्षी, ती ससाणी. अखेर तो धान्याचा दाणा झाला आणि तिने कोंबडी होऊन त्याला टिपले. नऊ महिन्यांनी तिच्याच पोटी तो जन्मला, पाण्यात सोडला गेला, आणि तालिएसिन झाला. आयर्लंडमध्ये फिन या वीराने बॉइन नदीतील ज्ञानाचा मासा भाजताना पोळलेला अंगठा तोंडात घातला, ही कथा याच जातीची.

आणि चौथी कथा सुइव्ने या वेड्या राजाची. इ. स. ६३७ च्या माग राथच्या रणात त्याचे भान सुटले. अंगावर पिसे फुटली, आणि तो झाडांच्या शेंड्यांवरून उडत, कविता म्हणत, वर्षानुवर्षे रानात राहिला. वेल्समध्ये मिर्दिन याच्याविषयी अशीच कथा आहे. त्याचे रण इ. स. ५७३ चे. पुढे युरोपभर गाजलेला मर्लिन तो हाच.

इतके ऐकल्यावर आपल्यापैकी कित्येकांनी मनाशी निकाल देऊन टाकला असेल. थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण शामान म्हणजे काय, हे अजून पाहावयाचे आहे.

‘शामान’ हा शब्द सैबेरियातील एवेन्की लोकांच्या भाषेतला. आपल्या ‘श्रमण’ शब्दापासून तो निघाला असे एक मत आहे, पण ते सर्वमान्य नाही. शामान हा प्रथम रोग बरा करणारा असतो. माणूस आजारी पडला म्हणजे त्याचा जीव हरवला किंवा कोणी पळवला, असे मानतात. आणि तो शोधून आणण्यासाठी शामान ढोलाच्या तालावर देहातून निघून वरच्या किंवा खालच्या लोकी जातो. शामान होण्याआधी त्याला मोठे आजारपण येते. त्यात आपले अवयव तोडून पुन्हा जुळवले, असे तो अनुभवतो. मिर्चा एलिआड याने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या देहाबाहेरील प्रवासालाच शामानविद्येचे मर्म म्हटले. आपल्याकडे ‘अंगात येणे’ म्हणतात, तेथे देवता आत येते. एलिआडचा भर आत्मा बाहेर जाण्यावर आहे. प्रत्यक्षात शामानाच्या अंगातही देवता येतात. तथापि हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

या कसोटीवर आपला पुरावा घासून पाहू. फिलीच्या हाती ढोल नाही. रोग्याचा जीव शोधण्यासाठी तो कोठे जात नाही. जेराल्डने वर्णिलेली माणसे शामानापेक्षा आपल्याकडच्या अंगात येणाऱ्या माणसांना जवळची आहेत. आणि जेराल्ड त्यांना दरबारी कवी म्हणतही नाही. तालिएसिनची रूपांतरकथा ज्या रूपात आपल्याला मिळते, ती सोळाव्या शतकात एलिस ग्रुफिद याने लिहून ठेवलेली आहे. कॉर्मॅकच्या कोशाविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. त्या काळचे कोशकार शब्द फोडून त्यांतून अर्थ काढीत. ‘इम्बस’ची फोड ‘भोवती तळहात’ अशी करता येते. म्हणूनच गालांवर तळहात ठेवण्याची गोष्ट वर्णनात शिरली असेल, अशी रास्त शंका संशोधकांनी घेतली आहे. पक्ष्यांच्या झग्याचेही तेच; त्या शब्दाची फोड ‘पक्ष्यांचे आच्छादन’ अशी होते. वर्णनावरून शब्द आला की शब्दावरून वर्णन रचले गेले, हे सांगणे कठीण आहे. शिवाय हे सारे लिहिणारे ख्रिस्ती मठांतले होते. जुना धर्म त्यांना एकाच वेळी भीतिदायक आणि मोहक वाटत होता.

नोरा चॅडविक आणि त्यांचे पती हेक्टर चॅडविक यांनी १९३२ ते १९४० या काळात मौखिक वाङ्मयाच्या वाढीवर तीन मोठे खंड लिहिले. त्यांत केल्टांबरोबरच भारत, मध्य आशियातील तातार, पॉलिनेशिया, आफ्रिका अशा अनेक लोकांचा विचार आहे. त्यावरून ध्यानात येते ते हे की, ज्ञान हे झोपेत, उपवासात, अंधारात किंवा उन्मादात प्रकट होते आणि ते पद्यातच बोलते, ही समजूत जगात अनेक ठिकाणी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातील केशिसूक्तात वाऱ्यावर संचार करणारा मुनी आढळतो, तोही या विचारात आठवावा. साम्य आहे, यात शंका नाही. साम्यावरून नाते सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. केल्टांनी ही विद्या सैबेरियातून घेतली, असे म्हणण्यास आधार नाही.

आणि पुरावा अपुरा पडला की तो बनवण्याचा मोह होतो. वेल्समध्ये हे घडले. एडवर्ड विल्यम्स, कवी म्हणून योलो मॉर्गानुग, हा दगडी काम करणारा कारागीर विलक्षण बुद्धीचा होता. २१ जून १७९२ रोजी लंडनमधील प्रिमरोझ टेकडीवर त्याने दगडांचे वर्तुळ मांडून बार्डांची सभा भरवली आणि ही द्रुइदांच्या काळापासून अखंड चालत आलेली प्रथा आहे असे सांगितले. जुन्या म्हणून त्याने पुढे आणलेल्या कविता व ग्रंथ यांतला मोठा भाग त्याने स्वतःच लिहिलेला होता. ही बनावट सिद्ध करण्याचे काम विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श पंडितानेच केले. त्याचा महत्त्वाचा ग्रंथ १९२६ चा. आपल्याच लोकांच्या आवडत्या कल्पनेवर आपणच घाव घालावयाचा, याला धैर्य लागते. नवल असे की, योलोची सभा आजही वेल्सच्या राष्ट्रीय काव्योत्सवात थाटाने भरते. ती जुनी नाही हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही ती त्यांना प्रिय आहे. यात आम्हांस विसंगती वाटत नाही. प्रथा नवी असून प्रिय असू शकते. तिला खोटे वय चिकटवले की मात्र खऱ्या जुन्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. ज्या ज्या भाषेला आपल्या प्राचीनत्वाचा अभिमान आहे, तिने हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तर मग आपल्या हाती काय उरते? आमच्या मते, आरंभीची ती खोली उरते, आणि तिच्याकडे आता अधिक जाणतेपणाने पाहता येते. कॉर्मॅकच्या कोशातील झोपणारा कवी, मार्टिनने वर्णिलेला डोळे झाकलेला कवी आणि शाळेतला अंधारात पडलेला विद्यार्थी यांच्यामध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे. परंतु तिघेही प्रकाशाकडे पाठ करून शब्दाची वाट पाहतात. इतके सातत्य केवळ योगायोगाचे नसावे. कविता म्हणजे आणलेले ज्ञान, ते उजेडातून मिळत नाही, ही श्रद्धा त्यामागे दिसते. या अर्थी फिली आणि शामान हे एकमेकांचे शेजारी खरे.

पण शामानाला आजारपण निवडते, फिलीला पाठांतर घडवते. बारा वर्षांचा अभ्यास, ३५० कथा, वृत्तांचे कडक नियम, एवढे सारे उराशी घेऊन तो त्या अंधारात शिरतो. पॅट्रिकने नैवेद्य बंद केला आणि विद्येतून येणारी स्फूर्ती राखली, ही कथा ऐतिहासिक असो वा नसो, तिच्यात फिलींनी आपल्या परंपरेचे मर्म सांगितले आहे. देवता गेल्या, काळोख आणि अभ्यास राहिले. स्फूर्ती ही श्रमाच्या विरुद्ध आहे असे आपल्याकडे अनेकदा समजले जाते. त्या खोलीत श्रमाच्या शेवटी स्फूर्तीची जागा होती, आणि श्रम चुकवून तेथे जाण्याचे दार नव्हते.

या परंपरेचा अंत काव्याच्या उणिवेने झाला नाही. १६०१ साली किन्सेल येथे आयरिश सरदारांचा पराभव झाला. १६०७ साली उत्तरेकडील प्रमुख सरदार देश सोडून गेले. पुढे क्रॉमवेलच्या सैन्याने उरलेली घराणी मोडली. कवीला पोसणारे राहिले नाहीत, ऐकणारे विखुरले, आणि त्या शतकात शाळांची दारे एकेक करून बंद झाली. गॉलमध्ये जे रोमन सैन्याने केले, तेच येथे सोळाशे वर्षांनी घडले. फरक एवढाच की, आयर्लंडच्या कवींनी रात्री दिवे आणून आपली कविता उतरवून ठेवली होती, म्हणून तिच्या पोथ्या आज आपल्याला वाचता येतात. गॉलचा बार्ड मात्र रथामागे धावताना एका ग्रीकाच्या वाक्यात तेवढा दिसतो, आणि त्याचे गीत आपल्याला ऐकू येत नाही.